नंबराखालचं लोखंड

"आधी कोंबड्या बाहेर काढा," अण्णा म्हणाले. "मग बघू या गाडी कुठल्या सालची ते."

गोठ्याच्या मागच्या सोप्यात, वैरणीच्या ढिगाला टेकून ती उभी होती. तिच्या टपावर शेणी वाळत घातलेल्या, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. म्हातारा घरधनी कोंबडी उचलायला गेला तर तिने त्याच्याच हाताला चोच मारली. भैरू हसून म्हणाला, "आण्णा, गाडीला वारस हाय बघा. सही घ्याय लागंल हिची."

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. अण्णा म्हणजे जिन्नाप्पा मगदूम, कोल्हापुरातले गुळाचे अडते. त्यांना जुन्या गाड्यांचं वेड. लोक रविवारी जोतिबाला जायचे, अण्णा लोकांचे गोठे धुंडाळायचे. सोबत आम्ही दोघं. भैरू सुतार इंजिनासाठी आणि मी, दिलावर शिकलगार, पत्र्यासाठी. भैरूच्या वडलांचं, तातोबा मिस्त्रींचं, उद्यमनगरात गॅरेज होतं. मी बाराव्या वर्षी तिथं हातोडी धरली. मी आणि भैरू एकाच भांड्यात हात धुऊन, एकाच डब्यात जेवून मोठे झालो. दोघांच्या चुकांना तातोबा, आमचे उस्ताद, एकच शिक्षा द्यायचे, चूक कुणाचीही असो.

अण्णांनी बॉनेटवरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली. दाराच्या बिजागऱ्या बघितल्या, काचेची चौकट चाचपली.

"ऑस्टिन. बावन्न, नाहीतर त्रेपन्न."

मग ते नंबरपाटीपाशी उकिडवे बसले आणि तिथून उठेचनात. मी जवळ गेलो तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं. एवढा मोठा अडत्या, बाजारात त्याच्या शब्दावर गुळाचा सौदा ठरायचा, आणि तो शेणात बसून रडत होता.

"बापूंची गाडी," ते म्हणाले. "आमच्या बापूंची. त्रेसष्ट साली अक्काच्या लग्नात विकली. मी अकरा वर्षं झाली हाच नंबर शोधतोय, दिलावर."

म्हणजे दर रविवारची ती भटकंती वेडापायी नव्हती. आम्हाला इतक्या वर्षांत त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता.

मी हातोडी घेऊन खाली शिरलो. माझं काम कानाचं. लोखंड धड असलं की टण्ण वाजतं, आणि गंजानं खाल्लेलं असलं की ओल्या लाकडावर मारल्यासारखा बद्द आवाज येतो. गगनबावड्याकडचा पाऊस, त्यात गोठ्याचं पाणी वर्षानुवर्षं चाकांखालून वाहिलेलं. गोमूत्र माणसाला औषध असेल, लोखंडाला ते विष. डावी बाजू टण्ण वाजली. मागची वाजली. उजव्या बाजूला, पुढच्या चाकामागे चेसिसचा जो पोकळ दांडा जातो, तिथं वीतभर नाही, चांगला हातभर बद्द आवाज आला. मी स्क्रूड्रायव्हर टोचला, तो तळातून थेट आत गेला. मूठभर लाल भुगा माझ्या तोंडावर पडला.

"काय म्हणतंय?" भैरूनं विचारलं.

"उजवा दांडा गेलाय. तळ न्हाईच. काप मागतोय."

"मग कापायचा," भैरू म्हणाला.

अण्णांनी रॉकेलचा बोळा माझ्या हातात दिला. "त्याच दांड्यावर बाहेरच्या अंगाला पूस जरा. चेसिस नंबर असेल बघ."

होता. त्याच हातभर जागेच्या मधोमध, ठोकून उमटवलेला. बाहेरचा तेवढा पत्रा काय तो उभा होता.

गाडी ट्रकवर घालून गॅरेजमध्ये आणली. उस्ताद तेव्हा मिरजेला लेकीकडे होते, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं एकापाठोपाठ एक करायला. ते असते तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण असं म्हणून मला माझा वाटा कमी करायचा नाही.

अण्णांनी मला बाजूला घेतलं. गाडीची कागदपत्रं वीस वर्षांपासून मेलेली. ती पुन्हा रस्त्यावर आणायची तर आरटीओचे साहेब येणार, कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर ताडून बघणार. तिथं नवं लोखंड दिसलं, नंबर पुन्हा ठोकलेला दिसला, की संपलं. गाडी चोरीची नाही हे सिद्ध करायला दुसरं काही नव्हतं, ज्यानं विकली तो मेलेला, ज्यानं घेतली तो मेलेला.

"नंबर गेला तर ती बापूंची गाडी राहत नाही रे. भंगार होतं. तू नंबर ठेवून काम कर."

"आण्णा, तळ कापला तर नंबराचा तुकडा हातात येतोय. धरायला लोखंडच न्हाई."

"सगळ्या कोल्हापुरात तुझ्या हातासारखा हात नाही म्हणतात. ते खोटं का?"

झालं. माणसाला फासात अडकवायला दोरी लागत नाही. कौतुक पुरतं.

भैरू पिस्टन आणायला पुण्याला निघाला होता. एसटीत बसता बसता म्हणाला, "दिला, उजवा दांडा कापच. नंबर गेला तर गेला. आण्णा चार दिवस रडतील, पाचव्या दिवशी जेवतील."

"कापतो," मी म्हणालो.

आणि मी कापला नाही. कुजक्या तळावर हातभर लांबीची जाड नवी पट्टी चढवली. आमच्यात याला शाल पांघरणं म्हणतात. पट्टी दणकट होती, पण ती ज्याला चिकटवायची ते काठ कागदासारखे झाले होते. वेल्डिंग धरायचं आणि सुटायचं. जिथं धरलं तिथं धरलं, उरलेल्या फटीत मी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, वरून रेड ऑक्साईड आणि काळा रंग मारला. वरून कीर्तन, आतून तमाशा. गाडी चालायला काही अडचण नव्हती, वजन बाकीच्या चेसिसनं पेललं असतं. पासिंग झालं की सावकाश उघडून नीट करू, असं अण्णाही म्हणाले, मीही म्हणालो.

भैरू परत आला. गाडीखाली आडवा झाला, पट्टीवरून तळहात फिरवला.

"कापलास?"

"कापला."

"आणि नंबर?"

"नंबराचा तेवढा पत्रा शाबूत राखला. बाकी सगळं नवं."

"काय हात हाय गा तुझा! मर्दा, जोड सापडत न्हाई." तो खालूनच हसला. "बाबा आल्यावर दाखवू या. डोळे उघडल्या उघडल्या ह्येच बघू देत."

मला तेव्हा सांगता आलं असतं. दोन शिव्या बसल्या असत्या, आठ दिवसांचं काम वाढलं असतं. पण त्या कौतुकाची चव जिभेवर होती आणि ती मला पुसायची नव्हती.

तीन महिन्यांनी गाडी उभी राहिली. फिकट हिरवा रंग, अण्णांनी जुन्या फोटोवरून जुळवून आणलेला. पासिंगच्या दिवशी भैरूनं ती स्वतः आरटीओच्या मैदानापर्यंत चालवत नेली, अण्णा शेजारी, मी मागे. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. एक म्हातारा सायकलवरून उतरला आणि त्यानं गाडीला हात जोडले, अण्णांना की गाडीला कोण जाणे. अण्णांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो मी नंतर कुणाच्याच चेहऱ्यावर बघितला नाही.

साहेब भला माणूस होता. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, दिवे बघितले, ब्रेक बघितले. मग आम्ही आणलेला नंबराचा ठसा हातात घेतला. लोखंडावर कागद धरून वरून पेन्सिल घासायची, म्हणजे नंबर कागदावर उमटतो, तो ठसा. त्यातले शेवटचे दोन आकडे पुसट आले होते.

"हे तीन आहे का आठ?" साहेब म्हणाले. "एवढी सुंदर गाडी केलीत, आता ह्याच्यावरून वांधा नको. माझ्यासमोर दुसरा काढून द्या."

"आत्ता काढतो साहेब," भैरू म्हणाला.

पायरीच्या पत्र्यामुळे नंबरापर्यंत वरून हात जात नव्हता. गाडी उचलून खाली शिरायला हवं होतं. भैरूनं डिकीतून जॅक काढला आणि लाकडी ठोकळाही काढला. उस्तादांचा नियम होता, नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जायचं नाही. जॅक लावायचा, आणि त्याच्यामागे ठोकळा सरकवायचा. जॅक सुटला तर ठोकळा धरतो. भैरूनं आयुष्यात तो नियम मोडला नव्हता.

जॅक कुठं लावायचा? कुठलाही शहाणा मेकॅनिक लावील तिथंच त्यानं लावला. सगळ्या गाडीत नवी, जाड, सपाट जागा एकच होती. माझी पट्टी. जॅक पट्टीखाली, ठोकळाही पट्टीखाली.

मी अण्णांकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. त्यांनी नजर साहेबांच्या हातातल्या कागदांवर वळवली आणि घसा खाकरला.

'तिथं नको, भैरू.' तीन शब्द होते. पण साहेब माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. त्यांनी विचारलं असतं, का नको? मग मी काय सांगणार होतो? मनात म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे. तेवढं धरेल.

गाडी वर गेली. भैरू पेन्सिल आणि कागद घेऊन पाठीवर सरकत आत शिरला. छातीपर्यंत आत, पाय बाहेर. पेन्सिल घासल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. वरून लांबीचा एक खपला पडला असावा, कारण त्यानं थुंकल्यासारखं केलं. मग बोटाच्या पेरानं दांड्यावर टकटक केलं.

बद्द, बद्द.

"दिला," तो आतून म्हणाला, हळूच, साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून. "ह्ये आतनं कुजकंच हाय गा. तू कापलं न्हाईस."

तो माझी अब्रू राखत होता, त्या अवस्थेतही. मी वाकलो. त्याचा चेहरा दिसला, रागावलेला नव्हता, नुसता बघत होता. मी त्याला तेव्हाच पाय धरून ओढून बाहेर काढू शकलो असतो.

"काय न्हाई," मी मोठ्यानं म्हणालो. "काढ तू ठसा."

त्यानं पुन्हा पेन्सिल घासायला सुरुवात केली. तेवढ्यात पट्टी काठांवरून उसवली. आवाज फार मोठा झाला नाही. जॅकचं डोकं पट्टीसकट दांड्यात घुसलं, गाडी ठोकळ्यावर कलली आणि ठोकळ्यावरचा दांडाही भाकरी मोडावी तसा मोडला.

मैदानातल्या वीस-पंचवीस माणसांनी गाडी हातांनी उचलली. जॅक, ठोकळा, सगळं पायांनी इकडे-तिकडे उडालं. भैरूला बाहेर काढलं तेव्हा तो संपला होता. वय एकतीस. घरी बायको आणि दोन मुलं.

पंचनामा झाला. अण्णांनी सांगितलं, जॅक घसरला. मला विचारलं तेव्हा मीही सांगितलं, जॅक घसरला.

"आधाराला काही लावलं होतं का?" हवालदारानं विचारलं.

ठोकळा तेव्हा दहा पावलांवर लोकांच्या चपलांत पडला होता. ठोकळा होता म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग गाडी पडली कशी?

"घाई होती," मी म्हणालो. "न्हाई लावलं."

त्या वाक्यानं भैरू दुसऱ्यांदा मेला. चार दिवसांत सगळ्या उद्यमनगरात झालं, तातोबाचा पोरगा स्वतःच्या हलगर्जीपणानं गेला. ज्या बापानं पन्नास पोरांना ठोकळा लावायला शिकवलं, त्याचाच पोरगा बिनठोकळ्याचा गेला. चहाच्या टपरीवर मिस्त्री लोक नव्या पोरांना दम द्यायचे, "भैरूगत करू नको, आधी ठोकळा लाव." मी ते ऐकत चहा प्यायचो.

उस्ताद मिरजेहून आले ते डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून, दुसरं ऑपरेशन नुकतंच झालेलं. दहाव्याला त्यांनी मला एकच विचारलं, "दिलावर, माझ्या पोरानं ठोकळा लावला न्हवता?"

सगळे पाहुणे बसलेले. अण्णाही होते, मान खाली घालून.

"लक्ष न्हवतं माझं, मिस्त्री," मी म्हणालो.

त्यानंतर मी गॅरेजला जाणं सोडलं. अण्णांनी त्या गाडीचं तोंड पुन्हा बघितलं नाही. उस्तादांनी मात्र ती मागवून घेतली आणि गॅरेजच्या मागं उभी केली. माझ्या पोराचं शेवटचं काम आहे म्हणाले.

दीड महिन्यानं त्यांचा निरोप आला. भर दुपारी गेलो. गॅरेजात ते एकटेच होते. डोळ्यांवरची पट्टी सुटली होती, जाड भिंगाचा चष्मा आला होता. समोर कुणाचीतरी अँबेसिडर जॅकवर उचललेली.

"सायलेन्सर गळतोय हिचा. खाली जाऊन बघ जरा," ते म्हणाले. जसा मी कालच कामावरून घरी गेलो होतो.

ठोकळा भिंतीशी पडलेला मला दिसत होता. उस्तादांनाही दिसत होता.

"मिस्त्री, ठोकळा..."

"कशाला? त्या दिवशी कुठं व्हता?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. नकार द्यायचा होता, पण बाराव्या वर्षापासून त्या माणसाला मी नाही म्हटलेलं नव्हतं. पाठीवर झोपून आत सरकलो. उस्ताद स्टूल ओढून जॅकशेजारी बसले. त्यांचे सुरकुतलेले पाय मला दिसत होते, आणि जॅक सैल करायच्या स्क्रूवर ठेवलेला त्यांचा हात.

"मागं गाडी उभी हाय ती मी रोज बघतोय," ते म्हणाले. "नव्या डोळ्यांनी पयली तीच बघितली. लांबी खरवडली. पट्टी बघितली. आता तू बोल. माझ्या पोरानं ठोकळा लावला व्हता का न्हाई?"

गाडीचं तेल थेंब थेंब माझ्या गळ्याशी पडत होतं. मला मरणाची भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्यांनी स्क्रू फिरवला असता तर ते मला वावगं वाटलं नसतं.

"लावला व्हता," मी म्हणालो. "जॅकबी बरोबर लावला व्हता. पट्टी माझी व्हती. कापला म्हणून मी खोटं सांगितलं त्याला."

मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. उस्तादांनी ठोकळा आणला, पायानं ढकलत गाडीखाली नीट बसवला, आणि हलवून बघितला.

"ये भाईर."

मी बाहेर आलो. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"पोलिसात जाऊन माझं पोरगं येत न्हाई," ते म्हणाले. "पर त्याची पोरं शाळंत जात्यात. तुझा बाप अडाणी व्हता म्हणून त्यास्नी चिडवत्यात. तू घरात जा, आन् आता बोललास त्येच आक्काताईला सांग. मग तुझं तू, माझं मी."

आक्काताई म्हणजे भैरूची बायको. घर गॅरेजच्या मागच्याच गल्लीत. ती चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. मला बघून तिनं पदर सावरला, पाट सरकवला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पट्टी, खोटं, जॅक, ठोकळा, पंचनामा. सगळं, फक्त भैरू आतून काय बोलला आणि मी काय उत्तर दिलं ते सोडून. तेवढं ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

तव्यावरची भाकरी करपली. ती रडेल, शिव्या देईल, चुलीतलं लाकूड फेकून मारेल, यातल्या कशाचीही तयारी करून मी आलो होतो.

"भावजी," ती शेवटी म्हणाली, "मला येवढंच सांगा. त्यास्नी कळलं व्हतं का? खाली आसताना, ह्ये तुमचं काम हाय म्हणून?"

मी तिच्या पिठानं भरलेल्या हातांकडे बघत होतो. त्या क्षणी खरं सांगणं तिच्यावर दया होती की खोटं सांगणं, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. खोटं मला सोपं होतं, एवढं मात्र नक्की.

"न्हाई वैनी," मी म्हणालो. "त्याला काय कळलं न्हाई."

तिनं सुटकेचा श्वास टाकला. कितीतरी दिवसांनी टाकल्यासारखा.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "लई जीव व्हता तुमच्यावर त्यांचा."

तिनं तवा उतरवला आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं. नको म्हणालो, तर ऐकेना. कपबशी माझ्या हातात दिली आणि समोर बसून राहिली, कप रिकामा होईपर्यंत. मी तो चहा प्यालो.